पाच वाजताची नोंद

पट्टीवाल्यांचं खरं नाव फक्त सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच ते सुखानं नांदत होतं. बाकी सगळं गाव त्यांना पट्टीवालेच म्हणे. एकदा एका नव्या पोस्टमननं खरं नाव घेऊन चौकशी केली, तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यानं ‘असं कुणी इथं राहत नाही’ म्हणून त्याला वाटेला लावलं. गंमत म्हणजे पट्टीवाले तेव्हा शेजारीच उभे होते आणि तेही मान डोलावत होते.

पट्टी म्हणजे नदीची मोजपट्टी. पुलाच्या मधल्या खांबाला ठोकलेली, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच, पांढऱ्यावर काळे आकडे असलेली. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला तिच्यावरचा आकडा वाचायचा, पुलाजवळच्या चौकीतल्या वहीत लिहायचा, आणि तिथल्याच फोनवरून मुख्य कार्यालयाला कळवायचा. कार्यालय तो आकडा नदीकाठच्या खालच्या गावांना कळवी. पाणी चढायला लागलं की ती गावं या आकड्याच्या भरवशावर म्हातारीकोतारी माणसं आणि गुरंढोरं उंचावर हलवीत.

“एवढंच काम?” असं त्यांना तेहतीस वर्षं कुणी ना कुणी विचारत आलं होतं.

“एवढंच,” पट्टीवाले म्हणत. “पण रोज.”

त्या ‘रोज’मध्ये सगळं आलं. बदली माणूस कधी मिळायचाच नाही, त्यामुळे रजा नाही. परगावी मुक्काम नाही. त्यांचं लग्नसुद्धा बारा आणि पाचच्या मधे बसवावं लागलं होतं. नवरा मुलगा बाराची नोंद करून आला, आणि मंडळी गप्पांत रंगलेली असताना साडेचारला हळूच उठला. मुलीकडच्यांना वाटलं, पळाला. नवी नवरीच मग म्हणाली, “पळाले नाहीत, आकडा बघायला गेलेत. येतील.” तिला ते आधीच सांगून ठेवलं होतं, एवढी हुशारी पट्टीवाल्यांनी आयुष्यात एकदाच दाखवली.

ही बायको म्हणजे पट्टीवाल्यांच्या घरातला आवाज होता. स्वतः पट्टीवाले दशांश चिन्हासारखे, असून नसल्यासारखे, पण जागचे हलले तर सगळा हिशेब बिघडेल असे. बायको दोघांच्या वाटणीचं बोलायची. एकदा त्यांना सणकून ताप भरला, पाय जमिनीवर ठरेना, तेव्हा तीच नदीकाठानं दहा मिनिटं चालत पुलावर गेली, आकडा वाचला, फोन केला आणि परत येऊन उंबऱ्यातूनच म्हणाली, “तुमची नदी तीन दहा, आणि तुम्ही एकशे तीन. तिची तब्येत उत्तम आहे, तेव्हा आता स्वतःकडे बघा.” तापातही त्यांनी विचारलं, “तीन दहा की तीन अकरा? नीट वाकून बघितलंस ना?”

वहीचा एक नियम होता. नोंद चुकली, तर त्या जागी आडवी रेघ मारायची आणि पुढच्या रकान्यात कारण लिहायचं. ही रेघ मारायला कुणी रागावत नसे. इतर चौक्यांच्या वह्यांत अशा रेघा डझनावारी असत. पट्टीवाल्यांच्या वहीत मात्र एकही नव्हती. छत्तीस हजारांवर नोंदी, आणि रेघ एकही नाही. निवृत्तीला दोन महिने उरले, खांबाला आपोआप मोजणारं यंत्र बसलं, तरी पट्टीवाले तिन्ही वेळा जाऊन यंत्र बरोबर सांगतंय ना ते बघून यायचे आणि वहीत लिहायचे.

बायकोला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. तेव्हा लेक एकोणीस वर्षांची. आई गेली त्या दिवसापासून ती बापाशी बोलेनाशी झाली. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, भांडणाला निदान दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. हिनं फक्त एक प्रश्न विचारला होता. आईचा श्वास थांबला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बाप पावणेपाचला गेला होता तो साडेपाचला घरात आला, आणि ती दारातच म्हणाली होती, “झाली का नोंद?”

“झाली,” पट्टीवाले म्हणाले होते.

पुढे ती शहरात शिकायला गेली, तिथेच मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत नोकरीला लागली, लग्न केलं, मुलगी झाली. बाप लग्नाला गेला, बारशाला गेला, पण पाहुण्यासारखा, आणि बाराची नोंद शेजाऱ्याच्या हवाली करून, एक नजर घड्याळावर ठेवून. दर रविवारी फोन येई.

“बरे आहात ना?”

“बरा आहे. तू?”

“बरी आहे. ठेवते.”

अकरा वर्षांत हा संवाद इतका पाठ झाला होता की एकदा पट्टीवाल्यांनी चुकून तिचंही वाक्य म्हणून टाकलं होतं.

आणि मग ऐन दुपारी, रविवार नसताना, लेक दारात उभी राहिली. हातात बॅग, काखेत फाईल, चेहऱ्यावर असं काही की पट्टीवाल्यांना आधी वाटलं जावयाचं काहीतरी बिनसलं.

“सगळं ठीक आहे ना?”

“आत तर येऊ द्या, बाबा.”

आत येऊन तिनं फाईल उघडली आणि एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. प्रादेशिक शासनाचं उत्कृष्ट लोकसेवा पदक. पुढच्या आठवड्यात समारंभ. निवड झालेल्या सात जणांत तिसरं नाव पट्टीवाल्यांचं, खरं नाव, जे वाचून त्यांना क्षणभर वाटलं, कुणा दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलंय.

“हे कुणी केलं?”

“मी. अर्ज मीच पाठवला होता. चार महिने झाले.” ती खाली बघत म्हणाली. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

मग ती बोलायला लागली, आणि पट्टीवाले ऐकत राहिले. गेल्या वर्षी तिची मुलगी तापानं फणफणली होती. त्याच दिवशी मोठा अपघात झाला, रक्तपेढीत माणसं कमी, बदली माणूस आला नाही. ती नऊ तास रक्ताच्या पिशव्या तपासत, चिठ्ठ्या लावत उभी होती. घरून तीनदा फोन आला, मुलगी ‘आई कुठाय’ विचारतेय म्हणून. ती गेली नाही.

“तेव्हा पहिल्यांदा कळलं मला,” लेक म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी पुलावर का गेलात ते. खालची गावं होती. कुणीतरी बघायलाच हवं होतं. मी अकरा वर्षं तुमच्यावर राग धरून बसले. मला माफ करा, बाबा.”

पट्टीवाले चहा ठेवायला उठले. चहात साखर घालायची राहिली. लेकीनं तो तसाच प्यायला आणि हसून म्हणाली, “आई असती तर म्हणाली असती, साखरेची पातळी शून्य.”

अकरा वर्षांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

कागदाबरोबर गौरवपत्राचा मसुदा होता. समारंभात वाचून दाखवायचा मजकूर. सन्मानार्थीनं तो वाचून, सही करून चार दिवसांत परत पाठवायचा होता. मसुदा लेकीच्या अर्जावरूनच उचललेला होता. त्यातली पाचवी ओळ अशी होती, ‘पत्नीच्या निधनाच्या दिवशीही, घरी ती अखेरच्या घटका मोजत असताना, त्यांनी संध्याकाळी पाचची नोंद चुकवली नाही.’

पट्टीवाल्यांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

कारण त्या दिवशी ते पुलावर गेलेच नव्हते.

पावणेपाचला बायकोनं डोळे उघडले होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली होती, “पाच वाजतायत.” डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आज किंवा उद्या. बाराच्या नोंदीपुरते उठले तेवढं सोडलं, तर पट्टीवाले सकाळपासून तिच्या उशाशी बसले होते, आणि सकाळपासून तिचा एकेक श्वास मोजत होते. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. मोजता मोजता दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. ती ‘पाच वाजतायत’ म्हणाली आणि पट्टीवाले सुटका झाल्यासारखे उठले. लेक म्हणाली, “आज नका ना जाऊ.” ते म्हणाले, “आलोच.”

घरामागे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. तिथून डावीकडे वळून दहा मिनिटं चाललं की पूल. पट्टीवाले खालच्या पायरीपर्यंत आले आणि बसले. पाण्याकडे तोंड, घराकडे पाठ. उठून पुलाकडे जाववेना आणि वरही जाववेना. ते तिथे पाऊण तास बसून होते. त्या पाऊण तासातला काही भाग ते स्वतःलाही कधी सांगत नसत.

साडेपाचला वर गेले तेव्हा सगळं संपलेलं होतं. लेकीनं विचारलं, ‘झाली का नोंद’, आणि त्यांच्या तोंडून ‘झाली’ निघून गेलं. एक शब्द. तो परत घेता आला असता, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी. पण परत घ्यायचा म्हणजे खरं सांगायचं, आणि खरं हे होतं की ते नदीसाठी गेलेच नव्हते. ते मरणाला घाबरून पळाले होते. लेकीनं आपल्याला कठोर समजलेलं त्यांना चालत होतं. भेकड समजलेलं चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकीत गेले. वहीत आदल्या दिवशी बाराला तीन बेचाळीस होते. आता पट्टीवर तीन छत्तीस. त्यांनी पाचच्या रकान्यात रेघ मारायची ती मारली नाही. दोन्हींच्या बरोबर मधला, तीन एकोणचाळीस, असा आकडा लिहिला, खाली सही केली आणि फोनवर सांगितलं की काल लाईन लागत नव्हती. इतका सभ्य, इतका कुणाला न दुखवणारा खोटा आकडा त्या वहीत दुसरा नव्हता. नदीलासुद्धा तो पटला असता.

तर आता हा प्रकार. लेक परत आली होती, आणि त्याच पाऊण तासाच्या पुलावरून चालत आली होती.

पुढचे दोन दिवस पट्टीवाल्यांना स्वतःचं घर ओळखू येईना. लेक स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मुलीला फोन लावून ‘आजोबांना पदक मिळणार, टीव्हीवर बघायचं हं’ सांगत होती. मुलगी पलीकडून विचारत होती की पदक म्हणजे काय, आणि ते खाता येतं का. लेकीनं बापासाठी नवा पांढरा शर्ट आणला होता. तो अंगाला लावून बघताना म्हणाली, “खांदे उतरलेत तुमचे, बाबा. आधी असे नव्हते.” संध्याकाळी तीही त्यांच्याबरोबर पुलावर आली.

“आज मी वाचते,” ती म्हणाली. कठड्यावरून वाकली. “दोन अठ्ठ्याण्णव.”

“सत्त्याण्णव. लाटेचा मधला धरायचा.”

“एका आकड्यानं काय होतंय?”

“होतं,” पट्टीवाले म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना चोरासारखा वाटला.

परतताना तिनं त्यांचा हात धरला. रस्त्याला खड्डे होते म्हणून धरला असेल. पण पुढे खड्डे संपले तरी सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी ते लेकीला ‘सही करून देऊन येतो’ असं सांगून मुख्य कार्यालयात गेले. तिथे पदकाची फाईल हेडक्लार्ककडे होती. हेडक्लार्क गोल, घामट आणि मनानं चांगला माणूस. त्यानं पट्टीवाल्यांना खुर्ची दिली, जी त्या कार्यालयात कर्मचाऱ्याला कधी मिळत नसे.

“या, सन्मानार्थी. आमच्या खात्याला एकवीस वर्षांनी पदक मिळतंय. साहेब तर सकाळपासून शीळ घालतायत.”

“एक ओळ काढायची होती,” पट्टीवाले म्हणाले.

“कुठली?”

पट्टीवाल्यांनी बोट ठेवलं.

“ही?” हेडक्लार्क मागे रेलला. “अहो, या ओळीवरच तर पदक आहे. बाकी सगळं काय, आकडा वाचला, आकडा लिहिला. ते आता यंत्रही करतंय. या ओळीपाशी समितीतल्या बाईंनी रुमाल काढला होता, मी स्वतः बघितलंय.”

“ती खरी नाही.”

हेडक्लार्कनं त्यांच्याकडे बघितलं, मग उठून कपाटातून जुनी वही काढली, धूळ झटकली, पानं उलटली. “ही बघा. तारीख. संध्याकाळी पाच. तीन एकोणचाळीस. अक्षर तुमचं, सही तुमची. आता बोला.”

“आकडा खोटा आहे.”

“मग खरा किती होता?”

“माहीत नाही. मी गेलोच नव्हतो.”

हेडक्लार्कनं वही मिटली. दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पट्टीवाले, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही आणि मी ऐकलेलं नाही. फाईल तीन टेबलांच्या सह्या घेऊन वर गेलीय. वर गेलेली फाईल खाली आणायची म्हणजे तुमची नदी उलटी वाहवण्यातला प्रकार. शिवाय छत्तीस हजारांतली एक नोंद. आमच्याकडे छत्तीसातल्या पस्तीस खोट्या लिहून लोक बढत्या घेऊन गेले.”

“वहीत दुरुस्ती करतो. रेघ मारतो, कारण लिहितो.”

“वही आता पुराव्याला जोडलीय. हात लावता येणार नाही.” मग जरा थांबून, खऱ्या काळजीनं तो म्हणाला, “आणि समजा ओळ काढली, तर लेकीला काय सांगाल? अर्ज तिचा, ओळ तिची. सही करा आणि घरी जा.”

पट्टीवाल्यांनी सही केली नाही. पण हेडक्लार्कचं शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलं आणि घरापर्यंत आलं. कार्यालयात सांगून भागणार नव्हतं. तिथे सांगणं म्हणजे पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसणंच होतं.

गप्प राहावं, असंही त्यांच्या मनात शंभरदा आलं. कुणाचं काय बिघडत होतं? बायको गेलेली. गावांना त्या दिवशी पूर आला नव्हता. लेकीला बाप मिळत होता, बापाला लेक. एका खोट्या आकड्यावर एवढी माणसं सुखात राहू शकत होती. पण ती माफी मागत होती. जी तिची चूकच नव्हती, तिची. रोज, काही ना काही निमित्तानं, चहा देताना, बटण शिवताना, “मी उगीच इतकी वर्षं,” असं म्हणून ती वाक्य अर्धं सोडायची, आणि त्या अर्ध्या वाक्याचं ओझं पट्टीवाल्यांना पेलवत नव्हतं.

चौथ्या दिवशी बाराची नोंद करून ते घरी आले. लेक टेबलावर चादर अंथरून नव्या शर्टाला इस्त्री करत होती. खिडकी उघडी होती आणि नदीवरून वारा येत होता.

“सही दिलीत ना त्यांना?” तिनं विचारलं.

“नाही दिली.” ते खुर्चीवर बसले. “बाळा, मी त्या दिवशी पुलावर गेलो नव्हतो.”

इस्त्री थांबली नाही. “कुठल्या दिवशी?”

“आई गेली त्या दिवशी. आकडा मी दुसऱ्या दिवशी अंदाजानं लिहिला.”

इस्त्री आता थांबली. तिनं ती उभी करून ठेवली. “मग कुठे होतात?”

“खाली. पायऱ्यांवर.”

“कुठल्या पायऱ्यांवर?”

“आपल्याच. मला बघवत नव्हतं. ती जाताना मला बघवलं नसतं. म्हणून नोंदीचं निमित्त करून उठलो, आणि तिथे जाऊन बसलो. तू विचारलंस तेव्हा झाली म्हणालो.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग लेक खिडकीकडे वळली आणि खाली बघत उभी राहिली. खिडकीच्या बरोबर खाली, हात लांब केला तर लागतील असं वाटावं इतक्या जवळ, त्या पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची तेवढी कठड्याआड दडलेली होती.

“आई तुम्हाला विचारत होती,” ती म्हणाली. “मी तिला सांगितलं, पुलावर गेलेत, येतील. आणि इथून हाका मारल्या. मला माहीत होतं की पुलापर्यंत पोचणार नाहीत, तरी मारल्या. तीन.”

लेक खिडकीतून वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. लहान मुलाला खोटं बोलायची वाट आपणच दाखवून द्यावी, तसा. “नदीच्या आवाजात ऐकू आल्या नसतील, बाबा. पाणी खूप असेल तेव्हा.”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी. ती त्या मानेची वाट बघत होती, हे पट्टीवाल्यांना स्वच्छ दिसत होतं.

“पाणी फार नव्हतं,” ते म्हणाले. “ऐकू आल्या. तिन्ही.”

लेकीनं इस्त्री पुन्हा हातात घेतली. एक बाही राहिली होती, ती पुरी केली. शर्ट हँगरला लावला, वरचं बटण घातलं, हँगर दाराला अडकवला. मग आतल्या खोलीत जाऊन बॅग भरली. तिला यायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या मानानं हे सगळं फार पटकन झालं.

“तीनची बस आहे,” ती म्हणाली.

“समारंभ मंगळवारी आहे.”

“हो.”

“येशील?”

तिनं चपला घातल्या. पट्टा अडकत नव्हता, तो लावायला वाकली, आणि वाकलेलीच जरा वेळ राहिली. उठली तेव्हा चेहरा पुसलेला होता. “तुम्ही कामाला गेला होतात, असं मी आईला सांगितलं,” ती म्हणाली. “माझ्याकडून तिनं ऐकलेलं ते शेवटचं होतं.” आणि ती गेली.

पट्टीवाल्यांनी कार्यालयाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं की अमुक तारखेची नोंद खोटी आहे, तरी पदकासाठी नाव विचारात घेऊ नये. उत्तर दुसऱ्याच दिवशी शिपायाबरोबर आलं. पत्र पोचलं, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवलं, समारंभाला वेळेवर उपस्थित राहावं. हेडक्लार्कनं खाली पेनानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मसुदा सहीवाचूनही चालला. कार्यवाही साधारण दोन वर्षांत होईल. शर्ट पांढराच घाला, फोटोत उठून दिसतो.’

ते गेले. का गेले, याचं एकच कारण होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रविवार येऊन गेला होता आणि फोन वाजला नव्हता. पण आमंत्रणपत्रिका लेकीकडेही गेली होती. कदाचित येईल.

सभागृह मोठं होतं, थंड होतं, आणि खुर्च्यांना मखमली खोळी होत्या. पहिल्या रांगेत सन्मानार्थींच्या जागा, प्रत्येकाशेजारी एक खुर्ची, तिच्या पाठीवर ‘कुटुंबीय’ अशी छापील चिठ्ठी. कुणाशेजारी बायको, कुणाशेजारी म्हातारी आई. एका अग्निशामक दलाच्या माणसाबरोबर अकरा नातेवाईक आले होते आणि ते एका खुर्चीवर आळीपाळीनं बसत होते. पट्टीवाले दर वेळी दार वाजलं की मान वळवत. दार खूपदा वाजलं.

कार्यक्रम सुरू झाल्यावर एक वयस्क बाई घाईघाईनं आत आल्या. कुणा अधिकाऱ्याच्या पत्नी असाव्यात, मागे जागा उरली नव्हती.

“इथे कुणी येणार आहे का?” त्यांनी हळूच विचारलं.

पट्टीवाल्यांनी एकदा दाराकडे बघितलं. “येणार होती,” ते म्हणाले. “बसा तुम्ही.”

तिसरं नाव पुकारलं. गौरवपत्र वाचणाऱ्याचा आवाज रेडिओवरच्या माणसासारखा भारदस्त होता. पाचव्या ओळीपाशी तो शिकवल्यासारखा थांबला, आवाज उतरवला आणि ओळ सावकाश वाचली. सभागृहात आधी शांतता झाली, आणि मग टाळ्या. शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पट्टीवाल्यांच्या हातावर आपला हात ठेवला. पट्टीवाल्यांनी तो काढून घेतला नाही. कुणीतरी हात धरला होता आणि तो कुणाचा, हे न बघता त्यांना थोडा वेळ बसून राहायचं होतं.

मग ते वर गेले, मान वाकवली, पदक गळ्यात पडलं, फोटो निघाला. परत जागेवर आले तेव्हा बाईंनी ते हातात घेऊन बघायला मागितलं. त्यांनी काढून दिलं. बाईंनी उलटंसुलटं करून बघितलं, रुमालानं पुसलं आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“घरी वाट बघत असतील ना,” त्या म्हणाल्या. “जाऊन आधी दाखवा त्यांना.”

“हो,” पट्टीवाले म्हणाले.